मुळशीचा भात आणि पुण्याचे ताट
शहराला खेटून असलेली शेती टिकवायची कशी? चांदे परिसराच्या निमित्ताने

पुण्याच्या पश्चिमेस सूस, नांदे, चांदे आणि घोटवडे ही गावे एका रस्त्याने जोडलेली आहेत. मुळशी तालुक्याच्या पूर्व भागातील या पट्ट्यापासून हिंजवडी-माणचे माहिती तंत्रज्ञान उद्यान अगदी जवळ आहे. त्यामुळे येथील जमिनीला आता दोन भाव आहेत. एक भाव तिच्यात काय पिकते यावर ठरतो आणि दुसरा तिच्यावर काय बांधता येईल यावर. दुसरा भाव पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. या दोन भावांच्या ओढाताणीत शेती करणारी कुटुंबे कशी टिकतील आणि ती टिकावीत यासाठी शहरवासीयांना काय करता येईल, हा प्रश्न चांद्यासारख्या गावांपुरता उरलेला नाही. शहराच्या ताटात येणारे अन्न कोठून, कोणाकडून आणि कोणत्या अटींवर येते, याच्याशी तो थेट जोडलेला आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांहून अधिक, तर पिंपरी-चिंचवडची १७ लाखांहून अधिक होती. त्यानंतर शहराची हद्दही वाढली. २०२१ च्या जूनअखेरीस पुणे महापालिकेत २३ गावांचा समावेश झाला. त्यात मुळशीच्या बाजूची सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही गावे होती. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने आपल्या नगररचना योजनांची सुरुवात म्हाळुंगे-माण येथूनच केली. थोडक्यात, शहर चांद्याच्या वेशीपर्यंत येऊन ठेपले आहे.

भाताचे खोरे

मुळशी तालुका सह्याद्रीच्या माथ्यापासून पुण्याच्या सपाटीकडे उतरत येतो. पश्चिमेकडे पाऊस मुसळधार असतो आणि पूर्वेकडे सरकताना तो झपाट्याने कमी होतो. या पावसाच्या जोरावर खाचरांत भात आणि डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरई, अशी पिकांची जुनी विभागणी आहे. मेअखेरीस वा जूनमध्ये रोप टाकायचे, जुलैत आवणी करायची, दिवाळीच्या आगेमागे कापणी-झोडणी उरकायची आणि खाचरातील उरलेल्या ओलीवर हरभरा, मसूर किंवा वाल घ्यायचा, हे येथील वर्षाचे गणित होय.

या खोऱ्याची खरी ओळख म्हणजे आंबेमोहोर. आंब्याच्या मोहोराची आठवण करून देणारा सुवास, आखूड दाणा आणि शिजल्यावर येणारा मऊपणा ही या तांदळाची वैशिष्ट्ये. पुण्याच्या जुन्या घरांत वरणभातासाठी, आजारी माणसाच्या पेजेसाठी आणि लहान मुलांच्या मऊभातासाठी आंबेमोहोरच आणण्याची रीत होती. या तांदळाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

मात्र त्याचे उत्पन्न कमी आहे. पारंपरिक आंबेमोहोराचे उत्पादन हेक्टरी सुमारे दोन टन येते. रोप उंच वाढत असल्याने वाऱ्यापावसात ते लोळते. यावर उपाय म्हणून महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी हा वाण विकसित केला. १९८७ मध्ये तो प्रसारित झाला. सुवास बऱ्याच अंशी राखून उत्पादन मात्र जवळपास दुप्पट, यामुळे इंद्रायणीने मावळ-मुळशीची खाचरे व्यापली. आज पुण्याच्या बहुसंख्य घरांत रोजचा भात इंद्रायणीचाच असतो. हे संशोधन शेतकऱ्यांच्या पथ्यावर पडले, हे निर्विवाद. पण मूळ आंबेमोहोर त्यामुळे मागे पडला आणि त्याच्या नावाने बाहेरचा आखूड दाण्याचा तांदूळ विकण्याची वाट मोकळी झाली, हेही खरे.

शंभर वर्षांपूर्वीचा धडा

शहराच्या गरजेसाठी या खोऱ्याने जमीन देण्याची ही पहिली वेळ नव्हे. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधण्याचे ठरवले, तेव्हा बावन्न गावांतील सुमारे ११ हजार लोकांची घरे आणि भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रहाला सुरुवात झाली. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही उपाधी याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते गावोगाव हिंडले. १९२४ च्या अखेरीस लढा संपला, धरण झाले आणि त्याचे पाणी घाटाखाली भिरा येथील वीजगृहाकडे वळवले गेले.

या लढ्यातील एक बाजू आजही लक्षात ठेवण्याजोगी आहे. बुडणाऱ्या जमिनीपैकी बरीचशी पुण्यातील सावकारांकडे गेलेली होती. कसणारे मावळे वेगळे आणि कागदावरचे मालक वेगळे. नुकसानभरपाईचा प्रश्न येताच मालकांना रोख रक्कम पुरेशी वाटली. कसणाऱ्यांना मात्र जमीनच हवी होती, कारण त्यांचे पोट तिच्यावर होते. जमिनीचा मालक आणि तिच्यावर राबणारा या दोघांचे हित एकच असते, हे गृहीत धरता येत नाही. शहरालगतच्या गावांत आज गुंतवणूक म्हणून घेतलेल्या आणि तारेच्या कुंपणात पडून राहिलेल्या जमिनी पाहिल्या की हाच प्रश्न नव्या रूपात समोर येतो.

जमीन पडीक का राहते?

महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार सरासरी खातेजमीन १.३४ हेक्टर होती. वाटण्या होत होत अनेकांच्या वाट्याला काही गुंठेच येतात. एवढ्या जमिनीवर संपूर्ण कुटुंबाचे भागत नाही. त्यामुळे तरुण माणूस कंपनीत नोकरी धरतो आणि शेती सुटीच्या दिवसावर जाते. आवणीला माणसे मिळेनाशी झाली की एखाद्या वर्षी खाचर पडून राहते. दोन-तीन वर्षे बांध दुरुस्त झाला नाही की खाचराची पाणी धरण्याची क्षमता जाते. मग विक्री हाच सोपा मार्ग उरतो.

ज्याला जमीन कसायची आहे त्याला ती भाड्याने देणे हा खरे तर सरळ उपाय. पण तेथे कायद्याचा जुना धाक आडवा येतो. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या 'कृषकदिना'ने कसणाऱ्यांना मालकी मिळाली, ही त्या काळातील मोठी सामाजिक सुधारणा होती. परंतु लेखी करार केल्यास जमिनीवर कूळ लागेल, ही भीती मालकांच्या मनातून अद्याप गेलेली नाही. परिणामी जमीन तोंडी बोलीवर, वर्ष-दोन वर्षांसाठी दिली जाते. कसणाऱ्याला तिच्यात सेंद्रिय खत घालण्याची, बांधबंदिस्ती करण्याची उमेद राहत नाही. लेखी पुरावा नसल्याने पीककर्ज किंवा विम्यासाठी अर्ज करणेही त्याला जड जाते. टिकाऊ शेतीच्या चर्चेत खते-औषधांचा विषय नेहमी निघतो. जमीन किती वर्षे हातात राहील याची शाश्वती हा तितकाच महत्त्वाचा विषय आहे.

रुपयातले किती पैसे?

शेती टिकण्यासाठी ती परवडली पाहिजे. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ग्राहकाने मोजलेल्या रुपयापैकी शेतकऱ्याच्या हाती टोमॅटोमध्ये सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६ पैसे आणि बटाट्यात ३७ पैसे पडतात. उरलेल्या रकमेत वाहतूक, हमाली, अडत, नासाडी आणि घाऊक-किरकोळ विक्रेत्यांचा वाटा असतो. यातील सर्वच खर्च अनाठायी असतो असे नाही. माल शेतातून स्वयंपाकघरापर्यंत कोणीतरी आणावाच लागतो. परंतु शेत आणि ग्राहक यांच्यात वीस-पंचवीस किलोमीटरचेच अंतर असताना माल आधी गुलटेकडीच्या बाजारात जाऊन पुन्हा त्याच बाजूच्या दुकानात यावा, यात दोघांचाही तोटा आहे.

ही अडचण काही अंशी दूर करणारा निर्णय राज्य सरकारने जुलै २०१६ मध्ये घेतला. फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून वगळण्यात आला आणि शेतकऱ्याला बाजार आवाराबाहेर थेट विक्रीची मुभा मिळाली. राज्य कृषी पणन मंडळाच्या पुढाकाराने शहरांतील मोकळ्या जागांत शेतकरी आठवडे बाजार भरू लागले. पुण्यातील अनेक सोसायट्यांच्या दारात ठरलेल्या वारी टेम्पो उभा राहू लागला, तो याच सुमारास.

माणचा प्रयोग

चांद्याच्या शेजारच्या माण गावातील बोडकेवाडीत मात्र याची सुरुवात आधीच झाली होती. २००४ मध्ये ज्ञानेश्वर बोडके यांच्या पुढाकाराने तेथे 'अभिनव फार्मर्स क्लब' स्थापन झाला. नाबार्डने १९८२ मध्ये सुरू केलेल्या स्वयंसेवक वाहिनीतून पुढे शेतकरी मंडळांची योजना आकाराला आली होती. या गटाने तिचा आधार घेतला. आरंभी हरितगृहातील फुले हे मुख्य पीक होते. पुढे गटाने भाजीपाल्याकडे मोर्चा वळवला आणि माल बाजार समितीत न नेता थेट शहरातील घरांपर्यंत पोचवण्याची पद्धत बसवली.

या प्रयोगाचे मर्म एखाद्या विशिष्ट पिकात नव्हते. एकट्या शेतकऱ्याला रोज दहा प्रकारच्या भाज्या पिकवता येत नाहीत. ग्राहकाला मात्र पिशवीत दहा प्रकार हवे असतात. गटाने पेरणीचे वेळापत्रक वाटून घेतले की ही अडचण सुटते. एकाच गाडीत अनेकांचा माल जात असल्याने वाहतुकीचा खर्च विभागला जातो. प्रतवारी, वजन आणि हिशेब एका ठिकाणी होतो. शहराजवळ असण्याचा तोटा जमिनीच्या भावात दिसतो. पण सकाळी तोडलेली भाजी दुपारच्या आत ग्राहकाच्या दारात देता येणे हा फायदा दूरच्या शेतकऱ्याला कधीच मिळू शकत नाही, हे या गटाने दाखवून दिले.

तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, कोळवण खोऱ्यात, पुण्याच्या गोमुख संस्थेने पाणलोट क्षेत्र विकासाचे काम केले. पाऊस भरपूर पण उन्हाळ्यात पाणी नाही, ही डोंगराळ मुळशीची जुनी व्यथा आहे. ओढ्यांवरील बंधारे, समतल चर आणि जुन्या तळ्यांची दुरुस्ती यांतून पाणी अडले, तरच भातानंतरचे दुसरे पीक शक्य होते. विक्रीव्यवस्था कितीही चांगली असली तरी वर्षातून एकदाच पीक येणाऱ्या शेतावर भाजीची पिशवी भरत नाही.

खर्च कमी करणाऱ्या पद्धती

टिकाऊ शेती म्हणजे केवळ 'रसायनमुक्त' अशी पाटी नव्हे. जमिनीचा कस टिकावा, खर्च कमी व्हावा आणि उत्पन्न पडू नये, या तिन्ही गोष्टी तीत एकत्र साधाव्या लागतात. भातपट्ट्यात यासाठीच्या दोन पद्धती परिचित आहेत.

पहिली चारसूत्री लागवड. डॉ. नारायण सावंत यांनी तिची मांडणी केली. भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत वापरून रोपाला सिलिका देणे, गिरिपुष्पाचा पाला खाचरात गाडणे, रोपे ठरावीक अंतरावर नियंत्रित पद्धतीने लावणे आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी खोचणे, ही ती चार सूत्रे. फेकून दिलेले खत पाण्याबरोबर वाहून जाते, खोचलेली गोळी मुळांना हळूहळू मिळते. त्यामुळे कमी खतात काम भागते.

दुसरी 'सगुणा राईस तंत्र'. कर्जत तालुक्यातील नेरळ येथील चंद्रशेखर भडसावळे यांनी ती विकसित केली. कायमस्वरूपी गादीवाफे करून त्यांवर भात थेट टोकायचा, नांगरणी, चिखलणी व आवणी टाळायची आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यायची, असे तिचे स्वरूप आहे. आवणीला माणसे मिळत नाहीत, ही मुळशीतील मुख्य तक्रार. तिच्यावर हा एक व्यवहार्य उपाय ठरू शकतो. तण व्यवस्थापनाकडे मात्र तीत काटेकोर लक्ष द्यावे लागते.

बियाण्याचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचा हक्क दिला आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी बाएफ संस्थेच्या साह्याने गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मूळ आंबेमोहोर जपायचा असेल, तर गावपातळीवरील अशा बियाणे बँकांखेरीज पर्याय नाही.

गटाकडून कंपनीकडे

शेतकरी गट मोठा झाला की त्याला कर्ज, परवाने आणि करार यांसाठी कायदेशीर रूप लागते. सहकारी संस्था हा महाराष्ट्राचा परिचित मार्ग. पण राजकीय हस्तक्षेपाच्या अनुभवामुळे नव्या वाटेची गरज भासू लागली. अर्थतज्ज्ञ वाय. के. अलघ यांच्या समितीच्या शिफारशींनुसार २००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन 'उत्पादक कंपनी' ही संकल्पना आली. किमान दहा शेतकरी एकत्र येऊन ती स्थापन करू शकतात. सभासद केवळ उत्पादकच असू शकतात आणि वैयक्तिक सभासदांच्या कंपनीत भाग कितीही असले तरी मत एकच असते. नाशिक जिल्ह्यातील मोहाडी येथील 'सह्याद्री फार्म्स' हे या प्रकारातील राज्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय.

२०२० मध्ये केंद्राने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था स्थापन करण्याची योजना जाहीर केली. सपाट प्रदेशात किमान ३०० आणि डोंगराळ भागात किमान १०० सभासदांची अट, तीन वर्षांत व्यवस्थापनासाठी कमाल १८ लाख रुपयांचे साह्य आणि भागभांडवलास जोड म्हणून प्रति सभासद २ हजार रुपयांपर्यंत, एका संस्थेस कमाल १५ लाख रुपयांचे अनुदान, असे तिचे स्वरूप ठरले. तथापि नोंदणी होणे आणि कंपनी चालणे या वेगळ्या गोष्टी आहेत. खेळते भांडवल, पूर्णवेळ व्यवस्थापक आणि खात्रीचा ग्राहक यांपैकी एक जरी नसले तरी कंपनी कागदावरच राहते. चांदे परिसरातील गावांपाशी यांतील तिसरी गोष्ट, म्हणजे ग्राहक, उंबऱ्याशी उभा आहे. इतरत्र नेमकी तीच सर्वांत दुर्मिळ असते.

ग्राहक काय करू शकतो?

ग्राहक आणि शेतकरी यांनी हंगामाआधीच हातमिळवणी करण्याची पद्धत जगात नवी नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात 'तेइकेइ' नावाने ती रुजली. रसायनांच्या धास्तीने गृहिणींनी शेतकऱ्यांशी थेट करार केले. अमेरिकेत १९८६ मध्ये दोन शेतांवर तिची सुरुवात झाली. तत्त्व साधे आहे. ग्राहक हंगामाची रक्कम आगाऊ देतो, पिकातील वाटा घेतो आणि पाऊस हुकला तर तोट्यातही वाटेकरी होतो. बी-बियाण्यासाठी शेतकऱ्याला सावकाराच्या दारी जावे लागत नाही.

मुळशीच्या भाताला हे गणित लावून पाहता येते. चार माणसांच्या कुटुंबाला महिन्याला पाच किलो तांदूळ लागतो असे धरले, तर वर्षाला ६० किलो होतात. शंभर सदनिकांच्या सोसायटीची गरज सहा टन. शंभर किलो भातापासून साधारण ६५ किलो तांदूळ मिळतो. म्हणजे सव्वानऊ टन भात हवा. आंबेमोहोराचे हेक्टरी दोन टन उत्पादन धरल्यास त्यासाठी साडेचार हेक्टरांहून थोडी अधिक, म्हणजे साधारण साडेअकरा एकर जमीन लागेल. एका सोसायटीने वर्षाचा तांदूळ आगाऊ नोंदवला, तर साडेअकरा एकर खाचरे एका हंगामासाठी निश्चितपणे लागवडीखाली राहतात. अट एकच. आंबेमोहोराचे उत्पादन इंद्रायणीच्या निम्मे असल्याने शेतकऱ्याचे उत्पन्न समान राहण्यासाठी त्याला दरही जवळपास दुप्पट द्यावा लागेल. स्वस्त आणि अस्सल या दोन अपेक्षा येथे एकत्र पूर्ण होत नाहीत.

'सेंद्रिय' या शब्दाबाबतही चोखंदळ राहणे आवश्यक आहे. निर्यातीसाठीचे त्रयस्थ प्रमाणीकरण लहान शेतकऱ्याला महाग पडते. त्याऐवजी 'पीजीएस-इंडिया' ही सहभागात्मक हमी पद्धत उपलब्ध आहे. किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करतो आणि गटाला मिळून प्रमाणपत्र मिळते. रूपांतराच्या काळातील मालावर 'ग्रीन' आणि ते पूर्ण झाल्यावर 'ऑरगॅनिक' असा शिक्का असतो. विक्रेत्याकडे गटाचे प्रमाणपत्र मागणे आणि शक्य असल्यास हंगामात एकदा शेत पाहून येणे, ही ग्राहकाच्या हातातील सर्वांत भरवशाची तपासणी होय. चांदे पुण्यापासून इतके जवळ आहे की त्यासाठी अर्धा दिवस पुरेसा होतो.

नियोजनात शेतीला जागा

हे सारे करूनही जमिनीच्या दोन भावांतील तफावत बुजणार नाही. भाताला कितीही चांगला दर मिळाला तरी तो सदनिकांच्या दराशी स्पर्धा करू शकत नाही. म्हणूनच महानगराच्या आराखड्यात रस्ते, निवास आणि उद्योग यांच्याबरोबर शेतीचा पट्टा ही गरज मानली जाणे अगत्याचे आहे. खाचरे पावसाचे पाणी धरून ठेवतात आणि जमिनीत मुरवतात. ती बुजली की तेच पाणी मुळेच्या प्रवाहात एकदम उतरते आणि खालच्या वस्त्यांना पुराचा धोका वाढतो. खाचराने केलेल्या या कामाचा मोबदला शेतकऱ्याला आज कोणी देत नाही.

जमीन विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क कोणी नाकारू शकत नाही. मुलाचे शिक्षण, घरातील आजारपण किंवा डोक्यावरील कर्ज यांसाठी विकणाऱ्याला शहराने शेतीप्रेमाचे धडे देणे अप्रस्तुत ठरेल. मुद्दा एवढाच की ज्याला विकायची नाही, त्याच्यापुढे विकण्याखेरीज दुसरा मार्ग असला पाहिजे. भाडेपट्ट्याचा सुरक्षित कायदा, गावातच भातगिरणी व प्रतवारीची सोय, गटाला खेळते भांडवल आणि हंगामाआधी शब्द देणारा ग्राहक, या चार गोष्टी असतील तर तो मार्ग तयार होतो. पहिल्या तीन गोष्टी सरकार, बँका आणि गावे यांच्या हाती आहेत. चौथी गोष्ट पुणेकरांच्या हाती असून ती येत्या जूनपूर्वीही करता येण्याजोगी आहे.